वाळक्या काड्यांवरचं फळ

१

रास्पबेरी तोडायची नसते, सोडवायची असते. तीन बोटांत धरून किंचित ओढायची. पिकली असेल तर ती आपणहून हातात येते आणि देठावर मागे एक पांढरा सुळका उरतो. फळ आतून पोकळ, टोपीसारखं. ओढूनही आली नाही तर ती कच्ची आहे, तिला उद्यापर्यंत सोडून द्यायचं.

माझे बाबा दातांच्या कवळ्या बनवतात, त्यामुळे यावर त्यांचा विनोद ठरलेला आहे. "पिकली रास्पबेरी आणि चांगली कवळी, दोन्ही अलगद निघाल्या पाहिजेत. रक्त आलं तर कारागीर गाढव." येईल त्या पाहुण्याला हा ऐकवतात. पाहुणे हसतात, कारण पाहुण्यांना नंतर आपल्या घरी जाता येतं.

मी कॉलेज अर्ध्यात सोडून परत आले आणि फळं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "फुकट बसून खातेय, निदान एवढं तरी करू दे," असं बाबा म्हणाले. मला नाही, आईला म्हणाले, मी समोर उभी असताना. त्या दिवसापासून आमचा अबोला. घर लहान, बोळ अरुंद, एकमेकांना ओलांडताना पोट आत घ्यावं लागतं, तरी बोलायचं नाही. मधे आई. "बाबांना सांग", "तिला विचार", असा दिवसभर तिचा तारायंत्राचा धंदा. मला हे घर आवडत नव्हतं, पण दुसरं नव्हतं. होस्टेलची खोली गेली होती, मैत्रिणींनी फोन उचलणं बंद केलं होतं, आणि कुठे नोकरी मागायला जावं तर हातात अर्धवट शिक्षणाशिवाय काही नाही. बाबांनी आईकरवी कळवलं होतं की सीझन संपेपर्यंत ठेवू, पुढे बघू. जणू मी भाडेकरू.

तर रोज सकाळी, पानांवरचं दव सुकलं की, मी इनॅमलचं भांडं घेऊन मागच्या अंगणात जायचे. कुंपणाच्या भिंतीला लागून लोखंडी खांब, त्यांच्यामधे ताणलेल्या तारा, तारांना बांधलेल्या रास्पबेरीच्या काड्या. एवढीच आमची बाग.

त्या सकाळी गेले तर सगळी रांग आधीच काढलेली. फळ एकही नाही. नुसते पांढरे सुळके, ओले, नुकते उघडे पडल्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आत आले. टेबलावर दुसरं भांडं, काठोकाठ भरलेलं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, ती निघायच्या घाईत बूट घालत होती.

"कोणी काढली?"

"काय कोणी काढली?"

"रास्पबेरी. बाबांनी?"

"अगं ठमे, आत्ता तूच तर ठेवून गेलीस. पाय पुसून ये म्हटलं तर पुसलेसही. म्हटलं, आज सूर्य कुठून उगवलाय."

मी पायपुसण्याकडे बघितलं. त्यावर ओल्या पावलांचे ठसे होते. माझ्या पायांत चपला होत्या आणि चपला कोरड्या होत्या.

आईला दिसलं नसेल, असं म्हणायची सोय नाही. समोरून येणाऱ्या माणसाचा चष्मा एका कानावर किंचित वर आहे हे तिला रस्त्याच्या पलीकडून कळतं. तरी मी म्हणाले, आई विसरली. विसरायचं वय झालंय त्यांचं, आणि वय झालं की या लोकांना काहीही माफ असतं.

२

आता बाबांच्या अकलेबद्दल.

रास्पबेरीची काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते. हिरवीगार, लांबलचक, फळ नाही. दुसऱ्या वर्षी तिला फळ येतं आणि मग ती तपकिरी होऊन वाळते, मरते. तोवर त्याच मुळातून शेजारी नवी हिरवी काडी वर आलेली असते. म्हणून फळ देऊन झालेली कापायची, हिरवी ठेवायची. यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. रोप ज्या पिशवीतून आलं तिच्यावर चित्र होतं.

बाबांनी चित्र बघितलं नाही. मागच्या वर्षी फळ संपल्यावर ते कात्री घेऊन बाहेर गेले आणि सगळ्या हिरव्या काड्या जमिनीसपाट केल्या. वाळक्या मात्र प्रेमानं तारांना बांधल्या. तेव्हा मी सुट्टीत घरी आले होते आणि आम्ही बोलतही होतो.

"बाबा, उलटं करताय तुम्ही. पुढच्या वर्षीचं फळ याच्यावर येणार."

"यांच्यावर एक तरी फळ दिसतंय का तुला? नुसत्या जागा अडवून बसल्यात."

"पहिल्या वर्षी येतच नाही. पिशवीवर लिहिलंय."

"पिशवीवर!" ते आईकडे वळून म्हणाले. "हिचे पेपर कोरे आणि पिशव्या पाठ."

या वर्षी वसंतात नवे फुटवे आले तेही त्यांनी बोटानं उपटले, गालावरचा केस उपटावा तसे. त्यामुळे बागेत उरल्या त्या फक्त मेलेल्या काड्या. मी गंमत बघत होते. खरं सांगायचं तर वाट बघत होते. एकदा या माणसाचं पितळ उघडं पडावं, एवढीच माझी उन्हाळ्याकडून अपेक्षा होती.

आणि त्या काड्यांना फळ धरलं.

पान नाही, फूल मी तरी पाहिलं नाही. वाळकी काडी आणि तिच्यावर लाल, टपोरं, रसानं फुगलेलं फळ, जत्रेतल्या खोट्या झाडाला चिकटवल्यासारखं. मी एका काडीची साल नखानं खरवडून बघितली. खाली हिरवं काही नव्हतं. पेन्सिलीचं लाकूड असतं तसं कोरडं ठाक.

"धरलं की नाही?" बाबा खिडकीतून ओरडले. "सांग तुझ्या लेकीला, धरलं म्हणावं!"

ते वाटीवाटीनं खायला लागले. आईही. भिंतीपलीकडच्या काकूंकडेही वाटी जायला लागली. महिन्याभरात बाबांचा हात थरथरायचा थांबला. त्या थरथरीमुळे दातांचे डॉक्टर त्यांचं काम परत पाठवायला लागले होते, ते बंद झालं. आईचे गुडघे दुखायचे थांबले. कोणालाही यात काही विचित्र वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटलं की ती कारण विचारत नाहीत.

मी खात नव्हते. लहानपणापासून मला त्यातल्या बिया दातांत अडकलेल्या सहन होत नाहीत. जबड्यांच्या साच्यांनी भरलेल्या घरात वाढलं की दातांविषयी माणूस जरा हळवं होतं.

३

बाबा कवळ्या बनवतात ती खोली पुढच्या बाजूला. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, वरचे आणि खालचे, सगळे आ वासलेले. कशालाही हात लावा, हात पांढरा होतो. तिथे लहानसं मशीन सतत गुणगुणत असतं.

त्या आठवड्यात मी त्या दारावरून जात होते आणि मशीन थांबलं.

"ये ना," बाबा म्हणाले. "बस."

मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे कोणी नव्हतं.

"काल बोललीस ते बरं वाटलं मला," ते म्हणाले. हातात कोणाचे तरी पुढचे दात होते, त्यांच्याकडे बघतच बोलत होते. "मी पण जरा जास्तच बोललो असेन. बाप आहे, जीव तुटतो. पण तू स्वतःहून आलीस, हे... हे मोठं केलंस."

मी अबोला मोडला. इतके दिवस जपलेला, आणि मोडला तो कशासाठी तर एका प्रश्नासाठी. "मी काय बोलले?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते, विनोदाशिवाय. "असू दे, असू दे. माफी एकदाच मागायची असते. रोज मागायला लागलीस तर मला सवय लागेल."

माफी! मी! जीभ छाटून त्यांच्या फळीवर ठेवली असती, पण माफी मागितली नसती.

बोळात येऊन मी विचार केला आणि मला उलगडलं. आई. तारायंत्र. ती निरोप पोचवताना बदलते, हे मला केव्हापासून ठाऊक होतं. "तिला सांग, तोंड काळं कर" याचं ती "बाबा म्हणतात, जरा बाहेर फिरून ये" असं करते. माझ्या वतीनं माफीही तिनंच मागून टाकली असणार. "ती म्हणते, तिचं चुकलं." आणि बाबांना, त्यांच्या सोयीनं, ते माझ्याच तोंडून ऐकल्यासारखं आठवत असणार. स्वच्छ, साधं स्पष्टीकरण. रागानं डोकं तडकलं तरी त्या स्पष्टीकरणानं मला बरं वाटलं, हे मी कबूल करते.

४

भिंतीपलीकडच्या काकू आयुष्यभर नर्स होत्या. खोटं बोलायला लागणारी कल्पनाशक्ती त्यांच्याकडे नाही. भिंतीवरून वाटी परत देताना म्हणाल्या, "पोरी, काल मलम लावून दिलंस ना पायाला, रात्री झोप लागली बघ. हलका हात आहे तुझा."

मी काकूंच्या पायाला आयुष्यात हात लावलेला नाही. इच्छाही नाही.

"फक्त नखं काप," त्या म्हणाल्या. "टोचतात. आणि रक्त तपासून घे एकदा. बोटं किती गार तुझी, आणि किती मऊ! हाडच नाही जसं काही आत."

"काकू, मी काल तुमच्याकडे आले नव्हते."

"बरं बाई, नव्हतीस," त्या डोळा मारून म्हणाल्या. "तुझ्या बापाला नाही सांगत. फुकटची नर्स मिळाली म्हणून मलाच बोलेल."

दुसऱ्या दिवशी मी खोलीला आतून कडी घातली आणि पलंगावर बसून राहिले. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. कान उघडे ठेवायचे, एवढंच काम. सकाळभर काही नाही. नळ, मशीनची गुणगुण, आई कामाला गेल्याचा दाराचा आवाज.

मग बोळात चपला वाजल्या. माझ्या चपलांचा एक पट्टा सैल आहे, डावं पाऊल फटकन वाजतं. फटक, सरक. फटक, सरक. माझ्या दारावरून पुढे गेल्या.

माझ्या चपला माझ्या पलंगाखाली होत्या. मी वाकून बघितल्या. दोन्ही होत्या.

मग बाबांच्या खोलीत हसण्याचा आवाज. बाबांचा, आणि माझा. आपला आवाज बाहेरून कसा येतो हे माणसाला नीट माहीत नसतं, म्हणून मी आधी स्वतःला समजावलं की ही रेडिओवरची कोणी बाई आहे. पण मी हसते तेव्हा शेवटी नाकातून घोरल्यासारखा आवाज येतो. शाळेत त्यावरून मुली चिडवायच्या. हे हसणं माझंच होतं, फक्त शेवटी तो आवाज नव्हता. कोणीतरी ते दुरुस्त केलं होतं. वाकडा दात घासून सरळ करावा तसं.

मी कडी काढली, धावत गेले. बाबा एकटेच. टेबलावर चहाचे दोन कप. एक रिकामा, एक भरलेला, वर साय धरलेली.

"दुसरा कप कोणाचा?"

"तुझाच की. गप्पा मारत बसलीस आणि चहा तसाच." ते भिंग डोळ्याला लावत म्हणाले. "आणि एवढी धापा टाकत का आलीस? आत्ता तर किती शांत होतीस."

५

आमच्या घरात अडगळीची एक खोली आहे, माझ्या खोलीला लागून. खिडकी नाही. होस्टेलवरून आणलेली माझी खोकी मी तिथे ढकलली होती आणि नंतर उघडली नव्हती. त्या संध्याकाळी मी तिथे गेले, कारण घरात कोणी लपलं असेल तर लपायला तेवढीच जागा होती. अजून मी असाच विचार करत होते. कोणीतरी मुलगी आहे, माझ्यासारखी दिसते, यांनी कुठून तरी आणली आहे. वेडगळ, पण निदान तिला हाकलता येईल.

दिवा लावला. खोक्यांच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, फरशीला चीर पडली होती आणि चिरेतून एक फुटवा वर आला होता.

रास्पबेरीचं मूळ जमिनीखालून लांब जातं आणि मनाला येईल तिथून डोकं काढतं, हे मला माहीत होतं. पण हा माझ्या उंचीचा होता. आणि पांढरा. उजेड नसला की रोपं अशी होतात, बटाट्याला कपाटात कोंब येतात तशी. बुंध्याशी मनगटाएवढा जाड, वर निमुळता, पानं मिटलेल्या मुठींएवढी. काटे होते, पण अजून मऊ, हातावरच्या लवेसारखे. तो सरळ वाढला नव्हता. माझ्या खोलीच्या भिंतीकडे झुकला होता. भिंतीच्या पलीकडे माझी उशी असते.

हे सगळं मी सहन केलं असतं. मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तो पडू नये म्हणून कोणीतरी त्याला खुंटीला बांधलं होतं. सुतळीनं नाही, रिबिनीनं. आणि गाठ होती फुलाची, दोन्ही पाकळ्या सारख्या, शेपटं खाली सोडलेली. शाळेच्या वर्षांत रोज सकाळी माझ्या वेण्यांना पडायची तशी. ती गाठ घरात एकालाच येते.

आई स्वयंपाकघरात चष्मा पुसत होती.

"अडगळीत काय वाढवते आहेस तू?"

तिनं आश्चर्याचा आवही आणला नाही. "तुझे बाबा हिरवं दिसलं की उपटतात. म्हटलं, एखादं तरी राहू दे."

"अंधारात?"

"बाहेर असतं तर राहिलं असतं का?"

"आई, घरात अजून कोणीतरी आहे."

ती काच पुसत राहिली. स्वच्छ झालेली काच.

"आई!"

"ओरडू नकोस. ते काम करतायत."

"तो चहा कोणाचा होता? काकूंकडे कोण गेलं? माझ्या नावानं माफी कोणी मागितली? तू सांगितलंस ना बाबांना? हो म्हण. तूच बनवून सांगितलंस, एवढं म्हण फक्त."

"मी काही सांगितलं नाही," आई म्हणाली. "ती दारात उभी राहून बोलली. तू लहानपणी बोलायचीस तशी, हात मागे बांधून. ते रडले ठमे. मी लग्न झाल्यापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं."

"ती कोण?"

आईनं चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. नंबर तपासतात तसं. एकदा या डोळ्याकडे, एकदा त्या.

"मी दमले गं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं भांडता आणि मधे मी. त्यांचं तुला गोड करून सांगायचं, तुझं त्यांना गोड करून सांगायचं. जेवताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आता कुठे घर शांत झालंय. तुला नको वाटतं का शांत?"

"मग मी कोण या घरात?"

"असं काय विचारतेस? तू तर माझी..." तिनं वाक्य तिथेच ठेवलं, गॅसवरचं भांडं उतरवून ठेवावं तसं. "थोडं गोड बोलली असतीस, तर एवढं झालं नसतं. बघ, मी तुला कितीदा म्हणायचे."

म्हणायचे. म्हणते नाही.

६

मी बाबांच्या खोलीतून बागेची कात्री घेतली. ते नव्हते तिथे, मशीन मात्र चालू होतं. अडगळीच्या खोलीचा दिवा लावला.

फुटवा नव्हता. चीर होती, तिच्यातून वर आलेली माती होती. खुंटीला रिबीन लोंबत होती आणि फुलाची गाठ तशीच होती, घट्ट, दोन्ही पाकळ्या सारख्या. कोणी ती सोडली नव्हती. आतलं जे होतं ते सोडवून घेतलं होतं.

मी माझ्या खोलीत डोकावले. पलंगाखालच्या चपला गेल्या होत्या.

मग मी मागच्या अंगणात धावले, अनवाणी. कारण विचारू नका. मारायला काहीतरी समोर हवं होतं आणि ती रांग समोर होती. सूर्य घरामागे गेला होता, अंगणात तो राखाडी उजेड होता ज्यात लाल रंग काळा दिसतो. मी पहिली वाळकी काडी बुंध्याशी कापली. कट्. पुढची. कट्. ज्या त्यांनी इतक्या कौतुकानं बांधल्या होत्या त्या सगळ्या. फळं खाली पडत होती, पायाखाली चिरडत होती. काटे बाहीत अडकत होते. एका काडीनं मनगट धरलं ते सुटेना, तेव्हा मी हात ओढून घेतला आणि रक्त आलं.

"ठमे! जेवायला ये गं!" आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

किती साधी हाक. सगळं विसरून माझ्या तोंडात उत्तर आलं.

"आले!"

ते मी म्हणाले नव्हते. माझं तोंड उघडंच राहिलं होतं. आवाज माझ्या आणि घराच्या मधून आला होता, पायऱ्यांच्या जवळून. मग चपला. फटक, सरक. पायऱ्या चढून आत.

७

स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं. शेजारी खिडकी. मी खिडकीशी गेले.

टेबलावर दिवा. बाबा पलीकडे बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. त्यांच्या शेजारी आई, तोंड खिडकीकडे. आणि अलीकडे, माझ्या खुर्चीत, पाठमोरी कोणी बसली होती. वेणी. माझा निळा सदरा. मान लांब, फार गोरी, उजेड कधी न बघितल्यासारखी.

मी स्वतःला म्हणाले, काचेत तुझंच प्रतिबिंब पडलंय. मी हात हलवला. तिनं हलवला नाही.

तिचा डावा हात टेबलावर होता. पाचही बोटांवर तिनं रास्पबेरी टोप्यांसारख्या घातल्या होत्या, लहान मुलं घालतात तशा, आणि बाबा त्याकडे बघून कौतुकानं हसत होते. तिनं हात तोंडाशी नेऊन अंगठ्यावरची अलगद ओढली आणि हात परत टेबलावर ठेवला. मग पुढच्या बोटावरची.

फळाखाली बोटाचं टोक नव्हतं. तिथे पांढरा सुळका होता. ओला, टोकदार. पुढच्या बोटावरही.

"अलगद निघाली पाहिजे," बाबा म्हणाले. "रक्त आलं तर..."

"कारागीर गाढव!" ती म्हणाली, आणि दोघं हसले. तिचं हसणं शेवटपर्यंत गुळगुळीत होतं. आईही हसली, जराशी उशिरा. हसता हसता तिनं मान वर केली आणि तिला खिडकीत मी दिसले.

भूत बघितल्यासारखं तिनं मला बघितलं नाही. उगाच तिच्या बाजूनं बोलत नाही, पण तिनं मला ओळखलं. माझ्या विस्कटलेल्या केसांकडे बघितलं, रक्ताळलेल्या मनगटाकडे बघितलं, आणि तिचा हात अर्धवट उठला, लहानपणी मी पडून आले की उठायचा तसा. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. चूक व्हायला जागा नव्हती.

मी आत जाऊ शकत होते. दार उघडं होतं. पण मला आता तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आयुष्यात एकदा तरी, मधल्यामधे काही न बदलता, जे आहे ते.

"काय बघतेस गं?" बाबांनी आईला विचारलं.

आईचा हात टेबलावर खाली आला.

"आई, मागचं दार उघडं राहिलंय," माझ्या खुर्चीतली म्हणाली. ती वळली नाही. किती मायेनं बोलत होती, मला तसं कधी जमलं नाही. "लावून घेऊ का?"

बाबा पाव मोडत होते. मशीन पुढच्या खोलीत गुणगुणत होतं. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या ओठांना काहीतरी करायचं होतं, मला दिसत होतं, दोन वेळा ते उघडायला आले.

"लाव," ती म्हणाली. "वारा येतोय."

खुर्ची मागे सरकली. आईनं उठून पडदा ओढला, आणि त्यानंतर मला फक्त चपला ऐकू आल्या, आणि दार.

आमच्या मागच्या दाराची कडी सरळ लागत नाही. दार आधी थोडं वर उचलावं लागतं, मग गुडघ्यानं दाबावं लागतं, मग कडी सरकवायची. बाहेरच्या माणसाला ते कधीच जमत नाही. त्या घरात जन्म काढलेल्यालाच जमतं.

ती पहिल्या झटक्यात लागली.